बांबूला झाड कोणी केले, गवत कोणी केले?

१९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचे दुसरे कलम व्याख्यांचे आहे. त्यातले सातवे पोटकलम 'झाड' म्हणजे काय ते सांगते. वनस्पतिशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही असा एक गोतावळा तिथे एकत्र नांदत होता: ताडमाड, बांबू, तोडलेल्या झाडांचे खुंट, झुडपे आणि वेत. ही सगळी झाडे. कायद्याने म्हटले म्हणून.

बांबू हे झाड नव्हे. ते गवत आहे. भात, ज्वारी, ऊस यांच्या घराण्यातले. साग दरवर्षी जाड होतो, त्याच्या खोडात वर्षाला एक वलय उमटते. बांबूला वलय नाही. पावसाळ्यात जमिनीतून कोंब ज्या जाडीचा वर येतो तीच त्याची जन्मभराची जाडी. चंद्रपूर-गडचिरोलीकडे या कोंबाला वास्ते म्हणतात आणि त्याची भाजी करतात. जो वास्ता भाजीतून वाचतो तो काही महिन्यांत आपली सगळी उंची गाठून मोकळा होतो आणि पुढची दोन-तीन वर्षे फक्त टणक होत राहतो. मानवेल जातीचा बांबू साधारण पंचवीस ते पंचेचाळीस वर्षांतून एकदा फुलतो. मग रानेच्या राने एकदम फुलतात, बी सांडतात आणि मरतात. धानाचे पीक लोंबीवर येऊन वाळते तसेच, फक्त हंगाम एका पिढीएवढा लांब.

हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. इंग्रजांचे वनअधिकारी वनस्पतिशास्त्रात तरबेज होते. पण कायद्याला बांबूच्या कुळाशी कर्तव्य नव्हते. तो कोणाच्या मालकीचा, कोण तोडणार, कोणत्या रस्त्याने नेणार आणि त्यावर कोणाचा शिक्का बसणार, एवढ्याशीच होते. 'झाड' म्हटले की तोडलेला बांबू इमारती लाकडाच्या पंगतीत बसतो. मग त्याला तोडणीचा परवाना लागतो, वाहतुकीचा पास लागतो, नाका लागतो. एका शब्दाच्या आधारावर एवढा मोठा डोलारा उभा राहिला.

ज्या प्रदेशात हा डोलारा सर्वांत जास्त जाणवला तो म्हणजे जुना चांदा जिल्हा. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्याचे दोन तुकडे झाले, चंद्रपूर आणि गडचिरोली. गडचिरोलीचा तीन चतुर्थांश भाग आजही जंगल आहे. इथे घराचा कूड बांबूचा, कुंपण बांबूचे, धान साठवायची ढोली बांबूची, सूप, टोपली, मासे धरायचे साधन सगळे बांबूचे. बुरडांची पोटेच त्यावर. आणि त्याच जंगलातला बांबू दीर्घ मुदतीच्या करारांनी बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडेही जात होता. म्हणजे एकाच बेटातला बांबू बुरडाच्या हातात असताना चोरीचा ठरू शकत होता आणि ट्रकमध्ये असताना कच्चा माल. मी वनखात्याला खलनायक करत नाही. व्याख्या लिहिली तशी त्यांनी ती वापरली. प्रश्न असा की व्याख्या बदलायची कोणी?

उत्तर सोपे वाटते. कायदे संसद करते, विधिमंडळ करते. आमदार-खासदार त्यासाठीच निवडून दिलेले असतात. पण या बांबूचा माग काढत गेले की भलतेच काहीतरी दिसू लागते, आणि मला तरी त्याचे नवल अजून सरलेले नाही.

सुरुवात दिल्लीपासून करू. १३ डिसेंबर २००५ रोजी लोकसभेत वनहक्कांचे विधेयक मांडले गेले. मूळ मसुदा फक्त अनुसूचित जमातींपुरता होता, आणि २५ ऑक्टोबर १९८० च्या आधीपासून जमीन कसणाऱ्यांनाच हक्क मिळणार होते. विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले. समितीचे अध्यक्ष होते आंध्रातल्या पार्वतीपुरमचे खासदार किशोरचंद्र देव. अशा समित्यांचे काम टीव्हीवर दिसत नाही. तिथे घोषणा नसतात, सभात्याग नसतो. साक्षी असतात, निवेदने असतात आणि कलमाकलमावर काथ्याकूट असतो. मे २००६ मध्ये या समितीचा अहवाल आला तेव्हा विधेयकाचा चेहरा पालटला होता. पंचवीस वर्षे मागची तारीख ओलांडून १३ डिसेंबर २००५ ही नवी तारीख आली. आदिवासींच्या जोडीला 'इतर पारंपरिक वननिवासी' आले. चंद्रपूरसारख्या जिल्ह्यात, जिथे गोंडांच्या शेजारी ढिवर, कुणबी, बुरड पिढ्यानपिढ्या त्याच जंगलावर जगत आले, तिथे ही भर साधी नव्हती. अट मात्र कडक: तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य दाखवायचे.

डिसेंबर २००६ मध्ये दोन्ही सभागृहांनी कायदा मंजूर केला, १ जानेवारी २००८ ला नियम आले. या कायद्यात गौण वनोपजाची व्याख्या आहे आणि तिच्यात बांबूचे नाव स्पष्ट लिहिले आहे. तेंदूपान, मध, मेण, लाख, कंदमुळे यांच्या रांगेत. गौण वनोपजाची मालकी, ते गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क वननिवासींचा. म्हणजे २००६ पासून या देशात एकाच वेळी दोन कायदे जिवंत होते. एक म्हणे बांबू झाड, दुसरा म्हणे गौण वनोपज. संसदेने आपलेच जुने वाक्य न खोडता शेजारी नवे वाक्य लिहून ठेवले. आता या दोन वाक्यांतले खरे कोणते, हे ठरवायला कोणीतरी प्रत्यक्ष बांबू तोडून रस्त्यावर आणायला हवा होता.

नियमांमधली आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. हक्काचा पुरावा काय काय चालेल याची यादी तेराव्या नियमात आहे. त्यात सरकारी नकाशे, गॅझेटियर, जुनी अधिकारपत्रे हे सगळे आहेच. पण विहिरी, स्मशाने, देवस्थानेही आहेत, वंशावळ आहे, आणि दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांनी सांगितलेली, लिहून घेतलेली हकिगत आहे. म्हाताऱ्या माणसाची आठवण हा पुरावा! शिवाय निस्ताराची नोंदही. चांदा जिल्हा एकेकाळी मध्य प्रांतात होता. मालगुजारी गेली तेव्हा गावाने कोणत्या जंगलातून जळतण, बल्ल्या, गवत, बांबू घ्यायचा याच्या नोंदी निस्तारपत्रकात झाल्या होत्या. बाकीच्या महाराष्ट्राला हा शब्द परका; इकडच्या तलाठ्याच्या कपाटात तो पिवळ्या पडलेल्या कागदांवर आहे. पन्नास वर्षांनी त्या कागदांना अचानक भाव आला.

आता हा बांबू ज्याने तोडून रस्त्यावर आणला त्या मेंढा गावाकडे जाऊ. गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याला लागले की तीसेक किलोमीटरवर लेखा आणि त्याला लागून मेंढा. शंभराच्या आसपास घरे, बहुतेक सगळी गोंडांची. या गावाची घोषणा पुष्कळांनी ऐकली असेल: 'दिल्ली-मुंबई मावा सरकार, मावा नाटे माटे सरकार', दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. शहरी कानाला ती बंडखोरीची वाटते. पण जरा सावकाश वाचली तर तिचा पहिला अर्धा भाग दिल्ली-मुंबईच्या सरकारलाही 'आमचे' म्हणतो. घोषणा राज्यघटनेच्या बाहेर जात नाही, आत येऊन बसते.

तिला आणखी एक आधार मिळाला तो १९९६ च्या पेसा कायद्याने. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने देशभर पंचायती आल्या, पण पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी भागांना ती जशीच्या तशी लागू नव्हती. तिथे काय करायचे हे पाहण्यासाठी मध्य प्रदेशातल्या झाबुआचे खासदार दिलीपसिंह भुरिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९९५ चा, त्यातून निघालेला कायदा १९९६ चा. यातली गावाची व्याख्या मी अनेकदा वाचली आहे. एरवी गाव म्हणजे महसुलाच्या नकाशावरची हद्द. पेसात गाव म्हणजे एक वस्ती, किंवा वस्त्यांचा समूह, पाडा किंवा पाड्यांचा समूह, जिथला समाज आपल्या रूढी-परंपरांप्रमाणे आपला व्यवहार चालवतो. म्हणजे आधी माणसे, मग रेषा. मेंढ्यासारख्या, दुसऱ्या गावांबरोबर एका ग्रामपंचायतीत बांधलेल्या टोल्याला ही व्याख्या म्हणजे स्वतःच्या नावाची पाटी होती.

मेंढ्याची गोष्ट त्याच्याही आधी सुरू होते. १९८४ च्या सुमारास इंद्रावती आणि गोदावरीवरच्या भोपालपट्टणम आणि इंचमपल्ली धरणांविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभे राहिले. त्यात बाबा आमटे होते, आणि चंद्रपूरचे खासदार राहिलेले अहेरीचे राजे विश्वेश्वरराव होते. लोकप्रतिनिधीने रस्त्यावर आणि सभागृहात दोन्हीकडे उभे राहण्याचे ते या भागातले ठळक उदाहरण. त्या आंदोलनाच्या हवेतून मेंढ्याचे देवाजी तोफा आणि चंद्रपूरच्या 'वृक्षमित्र'चे मोहन हिराबाई हिरालाल एकत्र आले. मोहनभाऊ जानेवारी २०२५ मध्ये गेले.

त्यांनी गावात जे रुजवले ते फार साधे दिसते. दोन बैठका वेगवेगळ्या. एक अभ्यासगटाची. तिथे कोणीही यावे, बाहेरचा आला तरी चालेल, कायदा वाचावा, वाद घालावा, वनाधिकाऱ्याला बोलावून विचारावे, मात्र निर्णय घ्यायचा नाही. दुसरी ग्रामसभेची. तिथे फक्त गावकरी, आणि निर्णय सर्वसहमतीने. बहुमताने नव्हे. एकाचेही मन वळले नाही तर विषय पुढे ढकलायचा.

इतिहासाचे जाणकार इथे भुवया उंचावतील. एका माणसाच्या नकाराने सगळे थांबते अशी संसद युरोपात होऊन गेली. पोलंडच्या सभागृहात कुठलाही एक सदस्य 'मला मान्य नाही' म्हणाला की ठराव पडत असे. इतकेच नव्हे तर त्या अधिवेशनात मंजूर झालेले बाकीचे सगळेही बाद होई. १६५२ मध्ये हा नकाराधिकार पहिल्यांदा असा वापरला गेला. पुढे शेजारच्या सत्ता एखादा सदस्य विकत घेऊन अख्खे राज्य ठप्प करू लागल्या. ३ मे १७९१ च्या राज्यघटनेने तो रद्द केला तोवर फार उशीर झाला होता. मग तोच नियम मेंढ्यात का चालतो? माझ्या मते दोन कारणे आहेत. पोलंडचा सदस्य नकार देऊन आपल्या जहागिरीत परत जाई. मेंढ्यात नकार देणारा दुसऱ्या दिवशी त्याच विहिरीवर, त्याच बांधावर भेटतो आणि आपल्या नकाराचे कारण त्याला सांगावेच लागते. दुसरे कारण तो अभ्यासगट. सभेत येईपर्यंत विषय इतका चघळून झालेला असतो की नकार आडमुठेपणाचा उरत नाही, शंकेचा असतो, आणि शंकेला उत्तर असते. आपल्या विधानसभांमध्ये समित्या नेमतात त्या याच हेतूने. फक्त विधेयके त्यांच्याकडे जाण्याचे प्रमाण आता फार कमी झाले आहे.

२००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशात असा हक्क मिळालेल्या अगदी पहिल्या गावांत ते होते. योगायोग पाहा: त्याच वर्षी अर्थशास्त्राचे नोबेल एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना मिळाले. सामायिक जंगल, कुरण, पाणी हे सरकार किंवा खाजगी मालक यांच्याशिवायही लोक नियम करून नीट राखू शकतात, हे त्यांनी जगभरच्या उदाहरणांवरून दाखवले होते. स्टॉकहोममध्ये ज्या विचाराला पदक मिळाले त्याचा सातबारा म्हणावा असा कागद धानोरा तालुक्यात निघाला होता.

पण कागद वेगळा, बांबू वेगळा. गावाने बांबू विकायला काढला तेव्हा वाहतुकीचा पास कोण देणार हा प्रश्न उभा राहिला. वनखात्याच्या लेखी बांबू म्हणजे १९२७ च्या व्याख्येतले झाड. गावाच्या लेखी २००६ च्या व्याख्येतले गौण वनोपज. हक्क गावाचा, पण गावाबाहेर नेता येत नाही. असा हक्क म्हणजे घरातल्या घरात चालवायची सायकल. हीच ती जागा, जिथे संसदेची दोन वाक्ये एकमेकांवर आदळली.

मार्च २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांनी सगळ्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिले: बांबू हे गौण वनोपज आहे, ग्रामसभांचा हक्क माना. आणि २७ एप्रिल २०११ रोजी ते मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणांसह स्वतः मेंढ्यात आले. त्या दिवशी वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. पावतीपुस्तकासारखे एक पुस्तक! त्यासाठी केंद्रातला मंत्री आणि राज्याचा मुख्यमंत्री शंभर घरांच्या गावात आले, यातच त्या पुस्तकाचे मोल कळते.

खरे नवल पुढेच आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये केंद्राने वनहक्काचे नियम सुधारले. नव्या नियमांत आले की वाहतूक परवाना ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने नेमलेली व्यक्ती देईल, त्या निर्णयांना ग्रामसभेची मान्यता असेल, आणि परवान्याच्या सोपस्काराने विक्रीच्या हक्काला बाधा येता कामा नये. मेंढ्यात एका दुपारी जे घडले ते दीड वर्षाच्या आत भारतभरच्या जंगलांना लागू झाले. त्या वेळी केंद्रीय आदिवासी व्यवहार मंत्री कोण होते? किशोरचंद्र देव. तेच, ज्यांनी सहा वर्षांपूर्वी समितीच्या अध्यक्षपदावरून विधेयकाची डागडुजी केली होती. खासदार म्हणून जे वाक्य त्यांनी अर्धे सोडले ते मंत्री म्हणून पुरे केले. मधला भाग मेंढ्याने लिहिला. या कायद्याचे लेखक मोजायचे झाले तर ग्रामसभेचे नाव वगळता येणार नाही असे मला वाटते.

ग्रामसभेने पुढे स्वतःच्या नावाने पॅन काढला. बांबूचे पैसे बँकेत, मजुरी हिशेबाने, कर कापलेला असेल तर त्याचा कागद. ज्याला आपण सरकार म्हणतो त्याचा निम्मा भाग असाच वह्यांचा असतो.

दिल्लीत हे चालले असताना मुंबईत काय? १९९७ मध्ये महाराष्ट्राने अनुसूचित क्षेत्रातल्या गौण वनोपजाची मालकी पंचायतींकडे देणारा कायदा केला होता. हिरडा, बेहडा, मोहफूल वगैरे जिनसांची यादी त्यात होती. ज्यात खरा पैसा ते बांबू आणि तेंदू मात्र तिच्यात नव्हते! यादी करणाऱ्याची नजर शाबूत होती, एवढेच म्हणतो. ही फट बुजली २०१४ मध्ये, आणि ती विधानसभेत नाही, राजभवनात. घटनेच्या पाचव्या अनुसूचीतला पाचवा परिच्छेद राज्यपालांना एक विलक्षण अधिकार देतो: अनुसूचित क्षेत्रात एखादा कायदा लागू करायचा नाही, किंवा फेरफार करून लागू करायचा, असे ते अधिसूचनेने ठरवू शकतात. संसदेचा कायदा असला तरी. मतदान नाही, चर्चा नाही. हा अधिकार बहुतेक राज्यांत गंजत पडलेला. महाराष्ट्राच्या राज्यपालांनी तो गेल्या दशकात अनेकदा वापरला. मे २०२० मध्ये तर थेट वनहक्क कायद्यात बदल झाला. जिल्हा समितीने दावा फेटाळला की पुढे दाद कुठे मागायची हे मूळ कायद्यात नव्हते; राज्यपालांनी विभागीय पातळीवर अपिलाची सोय केली. आमदार नसलेला, निवडून न आलेला माणूस कायदा बदलतो हे लोकशाहीच्या कानाला खटकते. पण जिथल्या लोकांचा आवाज बहुमताच्या गणितात नेहमीच कमी पडणार, तिथल्यासाठी घटनाकारांनी ठेवलेली ही मागची खिडकी आहे.

आणि झाडाची ती व्याख्या? नोव्हेंबर २०१७ मध्ये वटहुकूम निघाला, डिसेंबरात संसदेने विधेयक मंजूर केले. सगळी दुरुस्ती एका शब्दाची: दुसऱ्या कलमाच्या सातव्या पोटकलमातून 'बांबू' वगळला. नव्वद वर्षांनी कायद्यातला बांबू पुन्हा गवत झाला. बातम्या मोठ्या आल्या. पण कलमे जरा खाली वाचावीत. जंगलातून आणलेले गवतही त्याच कायद्याने वनोपजच असते. तेव्हा या दुरुस्तीने मोकळा झाला तो शेताच्या बांधावरचा, खाजगी जमिनीवरचा बांबू. बांबू लावू पाहणाऱ्या शेतकऱ्याला त्याचा फायदा झाला, आणि ते चांगलेच झाले. पण जंगलातल्या बांबूला हात लावण्याचा हक्क गडचिरोलीच्या हजारावर गावांना मिळाला तो २००६ च्या कायद्याने आणि त्यासाठी झिजवलेल्या चपलांनी, या गाजावाजाने नव्हे.

हक्क मिळाल्यावर गाव जंगल ओरबाडेल अशी भीती पुष्कळांना होती, अजूनही आहे. तिला चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने दिलेले उत्तर अनपेक्षित आहे. गोंडपिपरी तालुक्यातल्या या गावाला २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टरांवर हक्क मिळाला. उन्हाळ्यात तेंदूपान हा या भागातला हक्काचा पैसा. सत्तर पानांचा पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, संध्याकाळी फळीवर मोजणी. पण चांगले पान फुटावे म्हणून झुडपे छाटतात, आग लावतात. मग तेंदूची फळे जातात, रोपे जळतात. पाचगावच्या ग्रामसभेने ठरवले, तेंदूपान तोडायचेच नाही, बांबूवर भागवायचे. शिवाय जंगलाचा काही भाग देवराईसारखा अस्पर्श ठेवला. न तोडण्याचा निर्णय घ्यायला आधी तोडण्याचा हक्क लागतो, हे त्या गावाने दाखवले. ज्याच्या हातात काहीच नाही त्याने राखायचे ते काय?

सगळीकडे असे गोड चित्र नाही. एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या पहाडावर ठाकूरदेवाची यात्रा भरते आणि त्याच पहाडाच्या पोटात उत्तम प्रतीचे लोहखनिज आहे. तिथल्या ग्रामसभांनी खाणीविरुद्ध ठराव केले, खाण तरीही सुरू झाली. रोजगार आला म्हणणारेही आहेत, त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. पण नियमांचा प्रवास बघण्यासारखा आहे. ऑगस्ट २००९ च्या केंद्राच्या परिपत्रकाने वनजमीन दुसऱ्या कामाला देण्यापूर्वी ग्रामसभेची संमती मागितली होती. २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी ती तपासणी केंद्राच्या मंजुरीनंतरच्या टप्प्यावर, राज्याच्या अंगावर ढकलली. बांबूच्या बाबतीत वजनदार ठरलेला ग्रामसभेचा शब्द लोखंडापुढे हलका कसा होतो, त्याचे उत्तर या रांगेच्या अदलाबदलीत आहे.

मग आपल्या आमदारांचे काय? दोन्ही जिल्ह्यांचे मिळून नऊ मतदारसंघ. गडचिरोली, आरमोरी, अहेरी हे तिन्ही अनुसूचित जमातींसाठी राखीव. निवडणुकीत या नऊ जणांना रस्ता, पूल, सभामंडप, हायमास्ट दिवे यांचा जाब विचारला जातो. कोणत्या विधेयकावर काय बोललात, किती तारांकित प्रश्न विचारलेत, कोणती लक्षवेधी लावलीत, हे विचारणारा मतदार मला क्वचित भेटला. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात तारांकित प्रश्नाला मंत्र्याने दिलेले लेखी उत्तर हा सरकारी दस्तऐवज असतो. वनहक्काचे किती दावे कोणत्या तालुक्यात अडकलेत हे त्यातून कळते आणि गावे पुढे वर्षानुवर्षे ते वापरू शकतात. एका सदस्याने स्वतःचे विधेयक आणून मंजूर करून घेणे दुर्मीळ. संसदेत आजवर अशी फक्त चौदा विधेयके कायदा झाली, शेवटचे १९७० मध्ये. तरीही एकटा सदस्य काय करू शकतो याचे महाराष्ट्रातले उदाहरण आहेच. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी गावोगाव हिशेब मांडून रोजगार हमीची कल्पना पुढे रेटली, तिचा राज्यात १९७७ मध्ये कायदा झाला आणि २००५ मध्ये तिच्यावरून देशाचा. पुढे त्या देशव्यापी योजनेची अंमलबजावणी यंत्रणा म्हणून मेंढ्याच्या ग्रामसभेलाही काम मिळाले. पागेंची सांगलीकडची कल्पना मुंबई, दिल्ली करून धानोऱ्यात पोचली.

मेंढ्याने एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण अभ्यासगटात वाचता वाचता त्यांना १९६४ चा महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम सापडला. विनोबांच्या चळवळीच्या भरतीत मुंबईच्या विधिमंडळाने केलेला आणि पुढे सगळे विसरून गेले असा हा कायदा. २०१३ मध्ये गावातल्या जमीनधारकांनी आपापल्या शेतजमिनीची मालकी ग्रामसभेकडे सोपवली. कसायला जमीन ज्याची त्याच्याकडेच. विसावा हिस्सा भूमिहीनांसाठी, उत्पन्नाचा चाळिसावा हिस्सा ग्रामकोषात, आणि बाहेरच्याला विक्री बंद. हाही ठराव सर्वसहमतीने झाला. मग हा कायदा अजून लागू आहे आणि त्याखाली कामकाज कसे करायचे असते, हे सरकारी कार्यालयांना समजावण्यात गावाची पुढची कित्येक वर्षे गेली.